घंटा न वाजलेली दुपार

“चालेल,” सायली म्हणाली, आणि माधवअण्णांनी घंटा वाजवली.

घंटा पितळेची. दिसायला लहान, पण आवाज असा की काचेपलीकडे बसलेल्या माझ्या दातांनाही तो कळला. सायलीने डोळे घट्ट मिटून घेतले. तिच्यापुढे पांढऱ्या गादीवर एक भडक केशरी साडी उलगडलेली होती. आत जाताना, चपला काढता काढता, ती मला म्हणाली होती की केशरी सोडून कुठलाही रंग दाखवा. आता तीच साडी तिने स्वतःच्या लग्नासाठी पसंत केली होती आणि पर्स खांद्याला लावून उभीही राहिली होती.

“पाहिलं न?” माझ्या शेजारी बसलेली तिची आई म्हणाली. “पोरीचं मनच नाही लग्नात.”

आम्ही दोघी काचेमागच्या खोलीत होतो. इथून दुकान दिसतं, दुकानातून इकडचं काही दिसत नाही. तिकडच्या बाजूने तो नुसता आरसा असतो. आई इथे बसणार हे सायलीला माहीत होतं, तिला विचारूनच बसवलं होतं. आणि दुकानही खरं नव्हतं. बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात एक मोठी खोली आहे, तिला आम्ही मॉक स्टोअर म्हणतो, म्हणजे खोटं दुकान. कधी तिथे बिस्किटांची कपाटं लागतात, कधी फ्रिज. त्या आठवड्यात गादी, तक्के आणि साड्यांचे गठ्ठे होते. मी अशा दुकानांत लोकांना बसवून ते वस्तू कशा निवडतात ते बघते. याला कन्झ्युमर रिसर्च म्हणतात. निपाणीच्या माझ्या आत्याला हे काम आहे हेच अजून पटलेलं नाही. लोकांना हवं असतं म्हणून घेतात, त्यात शोधायचं काय, असा तिचा सवाल असतो.

माधवअण्णा आमचे क्लायंट. राजाजीनगरात त्यांच्या घराण्याचं रेशमी साड्यांचं जुनं दुकान आहे. घरात मराठी, पण इतक्या पिढ्या इथे गेल्यात की वाक्याचा निम्मा ऐवज कानडी. त्यांच्या दुकानाची एक पद्धत आहे. साडी विकली गेली की मालकाने घंटा वाजवायची. अण्णांच्या आजोबांनी सुरू केलेली ही प्रथा. एक घंटा ऐकली की दुसरं गिऱ्हाईक ठरवतं, असं अण्णांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. अडचण पुढे होती. शनिवारी घंटा वाजवून गेलेल्या साड्या सोमवारी पिशवीतून परत यायच्या. एक्स्चेंजला गर्दी, काउंटरवर वादावादी.

“अक्का, माल वाईट असेल तर माझं कान धरा,” अण्णा पहिल्या मीटिंगला म्हणाले होते. “पण त्याच साडीला शनिवारी हो म्हणतात आणि सोमवारी नको म्हणतात. मधी एक रविवारच की! बनशंकरीला नवं दुकान काढतोय. तिथं म्युझिक कुठलं लावू सांगा, म्हणजे माणसं शांत होतील.”

म्युझिकचं नंतर बघू म्हटलं आणि आधी एका शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसून आवाज रेकॉर्ड केला. घंटा, जुन्या एसीची घरघर, बिलाचं मशीन, खोक्यांवर ओढली जाणारी चिकटपट्टी, दारातल्या ज्यूसवाल्याचा मिक्सर, बाहेरचे हॉर्न. मग एक्स्चेंजला आलेल्या काही ग्राहकांना ऑफिसात बोलावलं, त्यांत सायलीही. प्रत्येकाने दोनदा साडी निवडायची. एकदा हा सगळा गोंगाट स्पीकरवर लावून, एकदा शांततेत. कुणाला आधी गोंगाट, कुणाला आधी शांतता, असं आलटूनपालटून, नाहीतर दुसऱ्या वेळी माणूस नुसता सरावलेला असतो. साड्या दाखवायला अण्णा स्वतः बसले. आपल्या साड्यांना दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालत नाही. गोंगाटाच्या फेरीत घंटाही स्वतःच वाजवत, स्पीकरवरची त्यांना खोटी वाटायची.

शिवाय प्रत्येकाला आम्ही काही प्रश्न विचारले, त्यावरून त्या माणसाची नॉइज सेन्सिटिव्हिटी कळते. म्हणजे कान तिखट असणं नव्हे. कान सगळ्यांसारखेच असतात. फरक असा की तुम्हा-आम्हाला पंखा सुरू आहे हे थोड्या वेळाने ऐकू येईनासं होतं. यांना तो येतच राहतो. पंखा, शेजारच्याचं खाणं, लिफ्टचं दार, सगळं एकाच वेळी पहिल्या रांगेत येऊन बसतं. मग समोरच्या साडीला जागा उरत नाही. सायली या प्रश्नांत आमच्या सगळ्या लोकांच्या पार पुढे निघाली होती.

“नागपूरहून येऊन महिना झाला मला,” तिची आई, विजयाकाकू, सांगत होती. “दोनदा साडी घेतली, दोनदा बदलली. हॉल दाखवला, चालेल. पत्रिकेचा नमुना दाखवला, चालेल. अशानं कुणी लग्न करते का बाई? बरं, विचारलं त रडत बी नाही. काही बोलूनच नाही राहिली. रविवारी पोराकडचे येऊन राहिले पत्रिका छापायला टाकायले. मी ठरवलं आहे. हात जोडून सांगीन, नाही करायचं आम्हाला. आत्ता चार लोक बोलतील, बोलू द्या. पोरीला अशा तोंडानं बोहल्यावर नाही उभं करत मी.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. रविवार परवावर होता.

तेवढ्यात आमचे सुधींद्र सर आत आले. सर माझे बॉस. माणूस चांगला, पण आलेखाची रेघ सरळ आली नाही की त्यांना ॲसिडिटी होते. सायलीचे आकडे बघून ते म्हणाले, “पद्मा, शी इज ॲन आउटलायर. ड्रॉप हर.” आउटलायर म्हणजे कळपातून लांब उभं असलेलं मेंढरू. ते मोजलं की सरासरी बिघडते, म्हणून बरेचदा वगळतात.

“सर, तिची दुसरी फेरी व्हायचीय,” मी म्हटलं.

“वेस्ट ऑफ टाइम.”

“वेळ माझा आहे,” मी म्हटलं. असं मी बॉसला सहसा बोलत नाही, पण काकूंचा पदर अजून डोळ्यांशी होता.

जेवणानंतर आम्ही स्पीकर बंद केले. एसी बंद केला. त्या खोलीच्या भिंतींना जाड लोकरीचं फेल्ट आहे, दाराला रबराची कड आणि खिडकीला दुहेरी काच. दार लागलं की जग पाण्याखाली गेल्यासारखं होतं. खिडकीबाहेर पानं गळून नुसत्या गुलाबी फुलांनी भरलेलं एक झाड होतं, त्यापलीकडे रिंग रोडवर गाड्या खोळंबून उभ्या होत्या. वारा आला की फुलं गाड्यांच्या टपांवर पडत होती. इतका मोठा ट्रॅफिक जाम आणि हूं की चूं नाही. मी रोज त्याच रस्त्याने शिव्या घालत येते, त्या दुपारी मला तो चक्क सुंदर वाटला.

सायली गादीवर बसली. मग तिचे खांदे खाली आले. ते इतके वर होते हे ते खाली आल्यावरच माझ्या लक्षात आलं.

अण्णांनी पहिली साडी उलगडली. माझ्या आणि काकूंच्या कानांत हेडफोन होते, त्यांत खोलीतल्या माइकचा आवाज येत होता. रेशीम उलगडतं तेव्हा काय आवाज येतो ते मी तोवर नीट ऐकलंच नव्हतं. वाळूवरून पाणी मागे सरकतं तसा. एकेक साडी येत होती, मोरपिशी, जांभळी, हळदी, आणि खोलीभर उन्हात तरंगल्यासारखी पसरत होती. मलाच पेंग आल्यासारखं झालं. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला होता आणि तो काढायचं त्या विसरून गेल्या होत्या.

“ही?” अण्णांनी विचारलं.

“थांबा,” सायली म्हणाली. “अजून दाखवा.”

अण्णांचा हात सवयीने उजवीकडे घंटेकडे गेला, तिथे घंटा नव्हती, म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवला. “दाखवतो की. घाई कुठं आहे.”

सायलीने एक जरीची साडी उचलली, बोटांत धरून कानाजवळ नेली आणि हलकेच चुरगाळली. मान हलवून खाली ठेवली. “ही फार वाजते.”

“वाजते?” अण्णा म्हणाले.

“दिवसभर नेसायची ना. मला ऐकू येत राहील.”

अण्णांनी स्वतः एक साडी कानाशी धरली, दुसरी धरली, आणि लहान मुलाला शंख सापडावा तसे हसले. मग दोघं मिळून साड्या ऐकायला लागले. ही कडक, ही जरा बरी, ही तर बोलतच नाही. सायली हसत होती. रंग खिडकीशी नेऊन बघत होती, पदर खांद्यावर टाकून आरशात बघत होती, म्हणजे खरं तर आमच्याकडेच बघत होती, आणि मला उगाच गुन्हेगार असल्यासारखं वाटत होतं. खिडकीतलं ऊन गादीवरून भिंतीवर गेलं तरी तिचं चाललेलंच होतं. शेवटी तिने कांद्याच्या सालीच्या रंगाची एक साडी मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात फिरवत बसली.

“ही माझी,” ती म्हणाली. ‘चालेल’ म्हणाली नाही.

“दुकानात इतकं बोलताना मी तिला कधी पाह्यलंच नाही,” काकू पुटपुटल्या. “अगं बाई. मनात नाही असं नाही न हे.”

फेरी संपली की आम्ही डीब्रीफ करतो, म्हणजे त्या माणसाला आपण काय केलं ते सांगायचं आणि त्याला काय वाटलं ते विचारायचं. त्यासाठी मी आत गेले. काकू काचेमागेच होत्या, हे मी सायलीला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, ऐकू दे.

मी तिला समजावलं की गोंगाटात तुझा ‘चालेल’ हा साडीला नसतो, तो उठून बाहेर पडण्यासाठी असतो. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, “दुकानाबाहेर कुठे असं होतं का?”

हा प्रश्न मी शेकड्याने विचारला असेल. लोक म्हणतात, हो, हॉटेलात मेनू न वाचताच ऑर्डर देते. सायलीने मात्र मांडीवरची साडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“ताई,” ती म्हणाली, “अनिकेतला मी मॉलच्या फूड कोर्टमध्ये हो म्हटलं.”

अनिकेत म्हणजे तिचा नियोजित नवरा.

“आमच्या टेबलाच्या मागेच ज्यूसचा काउंटर होता. मिक्सर थांबतच नव्हता. त्याने विचारलं, मग, पुढे जायचं का आपण? मी म्हटलं, चालेल. आता मला खरंच माहीत नाही, तो आवडला म्हणून म्हटलं की उठायचं होतं म्हणून. नंतर भेटलो ते सगळं कॅफे, मॉल, रेस्टॉरंट. तो छान आहे, ॲक्च्युअली. पण मी त्याला कधी नीट ऐकलंच नाहीये.”

आमच्या शास्त्रात फार तर साडी बदलून देता येते. मला त्या पोरीसाठी एकदम भीती वाटली. बरोबर असलेलं नातं रविवारी काकू मोडणार होत्या, किंवा चुकीचं असलेलं नातं आणखी एका ‘चालेल’वर छापलं जाणार होतं, आणि कुठलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“ही खोली थोडा वेळ मिळेल का?” सायलीने विचारलं. “त्याचं ऑफिस समोरच आहे, रिंग रोडच्या पलीकडे.”

सुधींद्र सरांना मी कॉरिडॉरमध्ये गाठलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“पद्मा, धिस इज अ रिसर्च फॅसिलिटी. मॅरेज ब्यूरो नाही. उद्या सगळे येतील.”

“सर, आज एकच आली आहे.”

“आणि डेटाचं काय? तो आपण वापरू शकत नाही.”

“वापरायचाच नाहीये. माइक बंद, काचेवर पडदा. आपल्याला काहीही कळणार नाही.”

“देन व्हाय आर वी डूइंग इट?” ते खरंच गोंधळले होते.

तेवढ्यात अण्णा साड्यांचा गठ्ठा कवटाळून बाहेर आले. “सार, आजचा दिवस खोली माझीच आहे, होय की नाही? मी दिली त्या पोरीला. मी इथं स्वल्प चहा घेत बसतो.” क्लायंटच असं म्हणाल्यावर सरांना वाद घालायला जागा राहिली नाही.

अनिकेत आला. उंच, चष्मा, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात मिठाईचा लहान डबा. काही वाईट झालंय का, अशा चेहऱ्याने तो काकूंच्या पाया पडला. काकूंनाही काय बोलावं सुचेना, म्हणून त्या डब्याबद्दल बोलल्या. “बाप्पा, कशाला आणलं? आणायचंच होतं त चिवडा आणाचा. तिला गोड कुठं आवडते.”

“म्हैसूर पाक आहे, मऊवाला,” तो जरा संकोचून म्हणाला. “कुरकुरीत काही मी तिच्यासमोर खात नाही. तिला त्रास होतो आवाजाचा. ती बोलत नाही, पण तिची मान अशी होते.” त्याने मान किंचित आक्रसून दाखवली. हुबेहूब सायली. मग दारात त्याने बूट काढले. नवे होते, करकरत होते. मोज्यांवर आत गेला आणि दार लागलं.

काकू बराच वेळ त्या बुटांकडे बघत उभ्या राहिल्या. “पोटची पोर,” त्या म्हणाल्या, “आणि मी तिला रोज पापड भाजून वाढला.” मी त्यांना खुर्ची दिली.

मग आम्ही त्या दारासमोरच्या पँट्रीत, चहाच्या जागेत, थांबलो. पँट्रीच्या मोठ्या काचेतून तळ्याची एक पट्टी दिसते, तिच्यावर दुपारचं पांढरं ऊन झोपल्यासारखं पडलं होतं. अण्णा चहा घेत होते, मध्येच एखादी साडी कानाला लावत होते. सर लॅपटॉप उघडून बसले होते, पण पान पुढे सरकत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. बोललो तर आत ऐकू जाईल असं सगळ्यांना उगाच वाटत होतं, जरी जाणं शक्य नव्हतं. मला आठवतं, त्या वेळात मी कधी नव्हे ते काहीही मोजत नव्हते.

अंधूक होत चाललेल्या उजेडात काकू हळूहळू खचत गेल्या. “इतका वेळ,” त्या म्हणाल्या. “हो म्हणायला इतका वेळ कशाला पाहिजे? नाहीच म्हणून राहिली असंल. समजावून सांगत असंल त्याला बिचाऱ्याला.”

दार उघडलं. सायली एकटीच डोकावली. केस विस्कटलेले, डोळे झोपेतून उठल्यासारखे शांत. हातात म्हैसूर पाकाचा अर्धा तुकडा.

“आई,” ती म्हणाली, “तू जाऊन खाऊन घे काहीतरी. आम्हाला अजून थोडं थांबायचंय.”

आणि दार पुन्हा लागलं.

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसत होते. महिनाभर ज्या पोरीने प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणून पर्स उचलली, ती आता अजून थोडं मागत होती. मला याचा अर्थ माहीत होता. अण्णांनाही होता, जन्मभर गिऱ्हाइकं पाहिलेला माणूस तो. त्यांनी पिशवीतून घंटा बाहेर काढलीसुद्धा. मी झडप घालून तिची जीभ मुठीत धरली.

“अण्णा, नको!”

“सरी, सरी, बरं,” ते कुजबुजले आणि घंटा माझ्या मुठीतच राहू दिली. काकू आमच्या दोघांकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना कळलं. त्या तोंडावर पदर धरून रडल्या, अजिबात आवाज न करता.

पुढचं थोडक्यात. नावं अर्थातच बदलली आहेत. पत्रिका त्या रविवारी छापायला गेल्या नाहीत. सायलीने दोन्ही घरांकडे वेळ मागून घेतला, दोघं बरेचदा शांत जागी भेटले, आणि मग तिने स्वतः फोन करून त्याला विचारलं. लग्नाला मी गेले होते. बँड नव्हता म्हणून नागपूरची मंडळी नाराज होती. कांद्याच्या सालीच्या रंगाची साडी तिला शोभत होती आणि मी अगदी जवळ उभी राहूनही तिची सळसळ मला ऐकू आली नाही.

अण्णांना मी रिपोर्टमध्ये लिहून दिलं की म्युझिक कुठलंही लावू नका. एसी बदला, चिकटपट्टी मागच्या खोलीत ओढा, आणि घंटेचं काहीतरी करा. आजोबांची घंटा काढणं त्यांच्या जिवावर आलं. बनशंकरीच्या दुकानात ती टांगली आहे, फक्त तिच्या जिभेला रेशमाचा तुकडा गुंडाळला आहे. साडी विकली गेली की अण्णा ती वाजवतात, आणि ‘थप’ असं होतं. गिऱ्हाइकं हल्ली जास्त वेळ बसतात, अण्णांचे गुडघे दुखतात. सोमवारची रांग मात्र राहिलेली नाही.

रिपोर्टात मी सायलीला वगळलं नाही. तिच्यासारख्यांसाठी एक वेगळं प्रकरण केलं, आणि पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ही शांत फेरी ठेवावी अशी शिफारस लिहिली. सर विमानतळावर होते. फोनवर सगळं ऐकून ते लगेच म्हणाले, “ओके, फाइन, गो अहेड.” पण मागे घोषणा चालू होत्या आणि कुणीतरी बॅग ओढत होतं. म्हणून मी तो होकार धरला नाही. सोमवारी त्यांना त्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि पुन्हा विचारलं.